काचपट्टी

मुलाने टीव्ही आणलाय, भिंतभर.
आता घरात बसून वाटेल तो सिनेमा,
वाटेल तेव्हा.
कुकरची शिट्टी झाली की थांबतो,
मासेवालीने हाक मारली की थांबतो,
नायिका उघड्या तोंडाने उभी राहते
आणि बायको अंगणात बांगड्यांचा भाव करते.
नायिकेला घाई नसते.
बायकोलाही.

रवळनाथ टॉकीज असं थांबत नसे.
वेंगुर्ल्यात, बंदराच्या उतारावर,
बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून ते उभं होतं.
डाव्या भिंतीला टेकलं की
शर्टातून गारवा चढायचा;
मे महिन्यात त्या जागांसाठी मारामाऱ्या.
पुढे बाकडी, मागे खुर्च्या,
वर बाल्कनी नावाचा एक माळा,
तिथे मामलेदार आणि त्यांची मेहुणी.
रापणकर थेट किनाऱ्यावरून यायचे,
पोटऱ्यांना खवले तसेच चिकटलेले,
पडद्यावर दिवस उजाडला की
पहिल्या तीन रांगांतले पाय चमकायचे.

मशीनवर पास्कू. त्याच्याजवळ काचेच्या पट्ट्या,
काजळी धरलेल्या.
कुणाला बोलवायचं असलं तर खिळ्याने नाव कोरायचा
आणि चालू सिनेमावरच, खालच्या कोपऱ्यात,
ते उमटायचं, वाकडं, थरथरतं:
'सायबा गिरप, होडी सुटली.'
'डॉक्टर, उभादांड्याला या.'
'केरकरबाई, म्हैस व्याली.'
सगळं थिएटर हसायचं.
एक सावली वाकून वाकून बाहेर जायची.

त्या दिवशी मी अकरावीला, म्हणजे मॅटिनीला.
पडद्यावर ती धक्क्यावर उभी, हातात पेटी.
आगबोटीचा भोंगा झालेला,
तो अजून आलेला नाही.
माझी पाठ भिंतीला, गार.
कोपऱ्यात अक्षरं आली:
'तातू कुबलांचा मुलगा, बाहेर या.'
मीही हसलो, सवयीने.
मग कळलं, तातू म्हणजे आपलेच बाबा.

बाहेर ऊन इतकं की काही दिसेना.
काका सायकल धरून उभा. म्हणाला, 'बस.'
चढ लागला तसा तो उतरला,
मी उतरायला गेलो तर नको म्हणाला.
मला बसवूनच सायकल ढकलत राहिला.
तेव्हा समजलो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही:
त्या रात्री अंगणात माणसं, कंदील,
आतून आईचा आवाज,
आणि माझ्या डोक्यात एकच,
तो आला असेल का. ती चढली असेल का बोटीत.
दहाव्याला कावळा शिवेना.
काका हात जोडून वाटेल ते कबूल करत होता.
मी मनात म्हटलं, बाबा,
पुन्हा टॉकीजात पाऊल टाकणार नाही.
कावळा लगेच आला.
पाळलं ते दोनच महिने.
पण तो सिनेमा परत वेंगुर्ल्यात लागला नाही.

गेल्या रविवारी मुलाने शोधून काढला.
नाव मला धड आठवेना;
धक्का सांगितला, पेटी सांगितली,
त्याला अंगठ्याने सापडला.
उशी घेऊन बसलो.
ती धक्क्यावर आली तेव्हा
मी तिच्याकडे बघतच नव्हतो,
खालचा कोपरा बघत होतो.
काही उमटलं नाही.
भोंगा झाला, तो आला, उशिरा,
कसलंसं कारण सांगितलं,
तिने मानलंही.
एवढंच होतं.

'संपला,' मुलगा म्हणाला.
मी म्हटलं, मागे ने जरा.
अजून. अजून थोडा. हां, इथे धर.
ती उभी, हातात पेटी.
खालचा कोपरा कोरा, नुसतं पाणी.
पंखा फिरतोय,
पाठीमागची भिंत उन्हाने तापलेली.
आतून बायको विचारते, जेवाक वाढू?
थांब गो, मी म्हणतो,
अजून माका कोणी बोलवूक नाय.